पुढच्या सीटवर कोण

मंगळवार, ११ फेब्रुवारी. सकाळी साडेदहा. अमरावती, बडनेरा रोडवरचं माझं शेड.

हजर: वसंतराव, वय बहात्तर, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, मुक्काम दर्यापूर. त्यांचा मुलगा प्रवीण, दर्यापुरात खत-बियाण्यांचं दुकान. जावई नितीन, मुक्काम अकोला, मोबाइलवर व्हिडिओ पाहून गाड्यांचा माहितगार. शकीलभाई, माझे मेकॅनिक. आणि मी.

गैरहजर: कौसल्याबाई, वय सदुसष्ट. गाडी त्यांच्यासाठी घ्यायची होती.

ही नोंद वहीतून जशीच्या तशी उतरवली आहे. ‘गैरहजर’ची ओळ तेवढी नंतरची. ती लाल पेनाने लिहिलेली आहे.

मी जुन्या गाड्या निवडून देते. विकत नाही, निवडून देते. हा फरक अमरावतीत लोकांना समजायला चार वर्षं लागली, अकोल्यात अजून समजतो आहे. त्याआधी चौदा वर्षं मी अकोल्यातच एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे कागदपत्रांच्या टेबलावर होते. आरसी, विमा, बँकेचा बोजा उतरवणं, नाव चढवणं. त्या टेबलावरून एक गोष्ट रोज दिसायची. गाडी बघायला येणारे लोक इंजिनचा जाणकार आणायचे, रंगाचा जाणकार आणायचे, नंबरची बेरीज करून देणारा आणायचे. जो माणूस त्या गाडीत रोज बसणार, तो बहुतेक घरी असायचा.

अपवाद कापसाच्या एका अडत्यांचा. ते एकटेच आले आणि म्हणाले, ‘‘माया एका मित्राले बसाचा तरास आहे. त्याच्यासाठी पाह्यजे.’’

मी खुर्ची पुढे केली. ते उभेच राहिले.

‘‘मित्राला किती वेळ बसवतं?’’

‘‘पंधरा मिनिटं. मंग तो खिडकीतून बाहेर पाहाले लागते अन् कोनाशी बोलत नाही.’’

मित्राच्या वतीने तुम्हीच बसून बघा, असं मी सुचवलं. त्यांनी सात गाड्या बसून पाहिल्या, प्रत्येक गाडीत वीस मिनिटं. सहा गाड्यांमध्ये ते खिडकीतून बाहेर बघू लागले. सातवीत त्यांनी कापसाच्या ओलाव्याविषयी मला बरंच काही सांगितलं. उतरले आणि म्हणाले, ‘‘मित्राले पसंत आहे.’’

त्या दिवशी मी वहीच्या मागच्या पानावर पहिला प्रश्न लिहिला: किती वेळ बसवतं? पुढे ती यादी वाढत गेली. पाठीचे, गुडघ्याचे, दम्याचे, कंबरेत सांधा बसवलेले, एका बाजूने लुळे पडलेले असे लोक येऊ लागले, आणि प्रत्येकाने यादीत काहीतरी टाकलं. फेब्रुवारीपर्यंत अकरा प्रश्न झाले होते. आधी कोणता पाय आत टाकता? दार कोण उघडून देतं? उलटी होते का, आणि कशाने? मला त्या यादीचा अभिमान होता. तिच्या झेरॉक्स मी शेडमध्ये ठेवत असे.

बाहेरच्यांसाठी दोन-तीन गोष्टी सांगून ठेवते.

पहिली, सीटची उंची. गाडीशेजारी उभं राहिलं की सीटची कड मांडीच्या मध्याला लागली पाहिजे. गुडघ्यापाशी लागली तर ती गाडी म्हणजे विहीर, आत शिरायला सोपी आणि वर यायला अवघड. कमरेला लागली तर ती गाडी म्हणजे माळा. लोक आजारी माणसासाठी मोठी गाडी घेतात आणि मग त्याच्यासाठी स्टूल शोधत फिरतात.

दुसरी, स्प्रिंगा. गाडी मऊ असली की आरामाची, असा समज आहे. आमच्याकडे काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात बसते, त्यामुळे वरच्या रस्त्याला खड्ड्यांपेक्षा लाटा जास्त. मऊ गाडी लाटेवर एकदा डुलली की डुलतच राहते. ज्याच्या पोटात ढवळतं त्याला जरा कडक गाडी द्यावी. धक्का बसतो, पण एकदाच.

तिसरी, वास. गाडी उन्हात काचा बंद करून अर्धा तास ठेवायची आणि मग दार उघडून नाक आत घालायचं. सुगंधी बाटली लावलेली असेल तर मालकाला काय लपवायचं आहे ते विचारायचं.

आता कौसल्याबाई.

त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. सोमवारी आणि गुरुवारी दर्यापूरहून अमरावतीला डायलिसिस, चार तास मशीनवर. जाणं-येणं कधी एसटीने, कधी जीपने. मशीनवरून उतरल्यावर रक्तदाब खाली येतो, पायात गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा माणसाला मागे रेलून पाय लांब करता आले पाहिजेत. जीपमध्ये नऊ जणांत ते होत नाही. जानेवारीत त्यांनी तीन पाळ्या बुडवल्या आणि घरात सांगून टाकलं, ‘‘मले आता नेऊ नका.’’ डॉक्टरांनी प्रवीणला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पाळ्या अशा बुडत राहिल्या तर आई फार दिवस काढणार नाही. प्रवीणने ते माझ्या शेडमध्ये, एका टायरवर बसून मला सांगितलं. म्हणून गाडी.

माझा एक नियम होता. बसणारा माणूस बसून पाहत नाही तोवर गाडी ठरवायची नाही. तो मी कौसल्याबाईंच्या बाबतीत मोडला. कारण अकोल्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांची गाडी मला मिळाली होती, पाच वर्षांची, एकाच मालकाच्या हातची. सरांनी सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. उंच छताची, दार रुंद उघडणारी, सीटची कड बरोबर मांडीच्या मध्याला. तीच गाडी परतवाड्याच्या एका गिऱ्हाइकाला हवी होती आणि तो दुपारी येणार होता. सोमवारी डायलिसिस झालेलं, मंगळवारी कौसल्याबाई उठू शकत नव्हत्या.

‘‘आईले काहून आनाचं, ताई?’’ प्रवीण म्हणाला. ‘‘तिले गाडीतलं काय समजते?’’

तेव्हा मी अकरा प्रश्न कौसल्याबाईंना फोनवर विचारले.

‘‘उलटी होते का?’’

‘‘यष्टीत होते. जीपमंदी बाकीच्याईले होते, मायाकडं पाहून.’’

‘‘सुई कोणत्या हाताला लावतात?’’

‘‘डाव्या. त्या हातानं भांडं उचलू नको म्हनते डाक्टर. एवढ्या वर्षांत पयलाच मानूस असं म्हनला.’’

‘‘गाडीत थंडी वाजते का?’’

‘‘बाई, तुमी गाडी देऊन राहिल्या का पोरगी पसंत करून राहिल्या?’’

मला त्या आवडल्या. अकरा उत्तरं नीट लिहून घेतली आणि मी पुढच्या डाव्या सीटवर बसून चाळीस मिनिटं गाडी फिरवून घेतली. सीट मागे सरकत होती, पाठ हवी तेवढी रेलत होती, पायांपुढे उशी ठेवायला जागा होती, थंड हवेची जाळी समोर. शकीलभाईंनी खाली वाकून पाहिलं आणि उठून हात पुसत म्हणाले, ‘‘ताई, बॉडी ओरिजनल. स्प्रिंगा थोड्या कडक आहेत, तुमच्या मनासारख्या.’’

नितीनने विचारलं, छताला काच का नाही. मी सांगितलं, अकोल्याच्या उन्हात राहून हा प्रश्न विचारू नये. वसंतरावांनी हॉर्न वाजवून पाहिला आणि चक्कर मारायला पुढे बसले. पाठ खाली करायचा खटका मी त्यांना दाखवला, म्हणजे ते बायकोला दाखवतील. त्या चकरेची नोंद माझ्या अक्षरात आहे: ‘पुढे वसंतराव. सीट पूर्ण मागे घेतली. खूश.’

ती नोंद मी त्या दिवशी लिहिली. वाचली तीन आठवड्यांनी.

गाडी दिल्यावर एकविसाव्या दिवशी मी फोन करते. तोही यादीत आहे. प्रवीणने उचलला.

‘‘गाडी एक नंबर, ताई. बाबा तर लय खूश आहेत.’’

‘‘आणि आई?’’

‘‘आईनं मागच्या दोन पाळ्या नाई केल्या. जातच नाई म्हनते.’’

दुसऱ्या दिवशी मी टेप, वही घेऊन दर्यापूरला गेले. अंगणात कडुनिंबाखाली गाडी उभी होती, वर ताडपत्री, चारही कोपरे विटांनी दाबलेले. इतकी निगा मी नव्या गाडीचीही पाहिलेली नाही. वसंतराव बाजारात गेले होते. कौसल्याबाई ओसरीवर बसल्या होत्या. चेहऱ्यावर सूज होती. पायात पुरुषी चपला होत्या, वसंतरावांच्या. स्वतःच्या चपलांत पाय मावत नव्हते.

‘‘चहा घ्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मले आग्रह करू नका, मी पानीबी मोजून पेते.’’

‘‘दोन पाळ्या का बुडवल्या?’’

‘‘कंटाळा आला.’’

‘‘गाडी चांगली नाही का?’’

‘‘गाडी लय चांगली हाये. आमच्या यायले विचारा. जातानाबी झोपते, येतानाबी झोपते. तुमी त्याईले तो खटका दाखवला न, तवापासून त्याईनं रस्ता पाह्यला नाई.’’

मी त्यांना म्हटलं, गाडीत तुम्ही जशा बसता तशा बसून दाखवा. प्रवीणने ताडपत्री काढली. कौसल्याबाईंनी मागचं डावं दार उघडलं.

पुढची सीट पूर्ण मागे आणि खाली. तिच्या पाठीवर वसंतरावांचा पंचा, खिशात चष्म्याचं घर आणि सुपारीची डबी. मागे उरलेल्या जागेत कौसल्याबाई गुडघे एका बाजूला करून, डावा हात छातीशी धरून बसल्या. मागे थंड हवेची जाळी नव्हती. मागची पाठ रेलत नव्हती. हे सगळं मला फेब्रुवारीतच कळू शकलं असतं. मागच्या सीटची मी चौकशीच केली नव्हती, कारण तिथे कुणी आजारी बसणार नव्हतं.

त्यांना उतरवलं आणि त्यांच्या जागी मी बसले. पुढची सीट होती तशीच ठेवली. प्रवीणला म्हटलं, अमरावतीच्या रस्त्याने घे. मी ठणठणीत आहे. पंचविसाव्या मिनिटाला मी गाडी थांबवायला सांगितली आणि एका बाभळीखाली उलटी केली. वेळ वहीत लिहिली. परत येताना प्रवीणने गाडी हळू चालवली.

ओसरीवर कौसल्याबाईंनी मला पाणी दिलं, न मोजता.

‘‘ताई, एक सांगा. तुमी मले मनात कोनत्या सीटवर बसवलं होतं?’’

‘‘पुढच्या.’’

‘‘मंग विचारलं काहून नाई? एवढं सारं तं विचारलं.’’

मी याच भागात वाढले. लग्नाच्या गाडीत, दवाखान्याच्या गाडीत पुढे कोण बसतं ते लहानपणापासून पाहते आहे. माझ्या यादीतला माणूस मात्र एकटाच गाडीत बसायचा.

‘‘पुढं तं हेच बसते,’’ कौसल्याबाई समजावून सांगू लागल्या, जसं काही मी परदेशातून आले होते. ‘‘जावई आले तं जावई पुढं अन् हे मागं. दीर आले तं दीर. माया नंबर कुत्र्याच्या आधी. आमच्याकडं कुत्रा नाई.’’

‘‘त्यांना कधी म्हणालात?’’

‘‘काय म्हनू? चार-चार घंटे तो मानूस मायासाठी तिथं लोखंडाच्या बाकावर बसते. बाकी बायाईचे नवरे सोडून देते अन् निघून जाते. हा कुठं हालत नाई. त्याच्यापाशी सीट मागू?’’

तेवढ्यात वसंतराव पिशवी घेऊन आले. मी जे पाहिलं ते त्यांना सांगितलं, उलटीसकट. ते पायरीवर बसले.

‘‘मी नाई म्हटलं का कधी? तिनं म्हटलंच नाई. मी आपला पुढं बसतो, रस्ता पाहाले. पोरगा जोरात चालवते.’’

‘‘डोये मिटून पाह्यता?’’ कौसल्याबाई म्हणाल्या.

‘‘तू बस न मंग. गुरुवारपासून बस.’’

आणि इथे काम संपायला हवं होतं. पण कौसल्याबाईंनीच मान हलवली. ‘‘मी नाई बसत. गाडी बजारातून जाते. बुढी पुढं अन् बुढा मागं. लोक काय म्हनतीन? त्यापेक्षा मी घरीच बरी.’’ प्रवीणने समजावलं, सुनेने आतून येऊन समजावलं, वसंतरावांनी आवाज चढवला. त्या हलल्या नाहीत. पुढची पाळी गुरुवारी होती, म्हणजे दोन दिवसांवर. बोलताना त्यांना मध्येच थांबून श्वास घ्यावा लागत होता.

अशा वेळी मी वही उघडते. उपाय सापडेल म्हणून नाही, हाताला काम म्हणून. पहिल्याच ओळीत होतं: वसंतराव, निवृत्त कंडक्टर.

‘‘वसंतराव,’’ मी विचारलं, ‘‘राखीव सीटवर दुसरंच कुणी बसलेलं असलं तर काय करायचात?’’

‘‘उठवत होतो.’’

‘‘कुणालाही?’’

‘‘परतवाड्याच्या गाडीत एकदा सरपंचाले उठवलं. पुढच्या स्टॉपपर्यंत शिव्या दिल्या त्यानं. मी म्हटलं, शिव्या उभ्यानं द्या.’’

‘‘आणि ज्याच्यासाठी राखीव आहे, तोच बसायला तयार नसला तर?’’

हा प्रश्न त्यांनी मनावर घेतला. टोपी काढली, पुन्हा घातली.

‘‘एक अपंग पोरगी होती. लाजत होती बसाले. तिले म्हटलं, बाई, तू नाई बसली तं गाडी हालत नाई. सारे पॅसेंजर तिच्याकडं पाहाले लागले. बसली.’’

मग ते उठले आणि आत गेले. दुकानातलं सोयाबीनच्या बियाण्याचं जुनं पोस्टर आणलं, त्याच्या कोऱ्या बाजूचा तुकडा फाडला आणि स्केचपेनने, फलकावर लिहितात तशा सरळ अक्षरात लिहिलं: ‘राखीव – रुग्ण’. गाडीत जाऊन पुढच्या डाव्या सीटसमोर चिकटपट्टीने लावलं. पंचा, चष्म्याचं घर, सुपारीची डबी काढून मागे ठेवली. ओसरीसमोर येऊन उभे राहिले.

‘‘कौसल्या, ते आता माया हाती नाई. लिहेल हाये. तू नाई बसली तं गाडी हालत नाई.’’

‘‘तीस वर्षं लोकाईले उठवलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सोताले उठवाले इतका टाइम लागला.’’

पण त्या उठल्या. बसून पाहिलं. मी खटका दाखवला, या वेळी ज्याला दाखवायचा त्याला. डाव्या दाराचा दांडा सुईच्या हाताला लागत होता, तेही तेव्हाच कळलं. दुसऱ्या दिवशी शकीलभाईंनी त्यावर फोम बसवून दिला. बसणारा बसला की अशा गोष्टी पाच मिनिटांत कळतात. फोनवर कळत नाहीत.

गुरुवारी मी डायलिसिसच्या दवाखान्याबाहेर उभी होते. मला तिथे काम नव्हतं. गाडी आली. पुढे कौसल्याबाई, डोक्यावर पदर, नजर सरळ समोर, एखादी तक्रार घेऊन कचेरीत निघाल्यासारख्या. मागे वसंतराव, गुडघे एका बाजूला. चार तासांनी त्या बाहेर आल्या तेव्हा रंग पांढरा पडला होता. सीट खाली केली, पायाखाली उशी दिली, त्यांनी डोळे मिटले.

‘‘मागे अडचण होते का?’’ मी वसंतरावांना विचारलं.

‘‘जुन्या गाड्याईत दार मागंच होतं, ताई,’’ ते म्हणाले. ‘‘कंडक्टरची जागा मागं.’’

दार लावून त्यांनी आतून छतावर दोनदा टकटक केली. डबल बेल. प्रवीणने गाडी काढली.

तेव्हापासून कौसल्याबाईंनी एकही पाळी बुडवलेली नाही. गाडी आल्यावर बुडालेल्या त्या दोन पाळ्या मात्र माझ्या नावावर आहेत. त्या भरून निघत नाहीत. सूज उतरायला बरेच दिवस लागले, आणि स्वतःच्या चपला त्यांना एप्रिलमध्ये घालता आल्या.

यादीत आता बारा प्रश्न आहेत. बारावा मी सगळ्यात वर टाकला: गाडीत कुठे बसता? आणि कोण कोण बरोबर असतं? त्यानंतर जुन्या वह्या काढून मी आधीच्या गिऱ्हाइकांना एकेक फोन करायला लागले. गुडघ्यांसाठी गाडी घेतलेल्या एक बाई मागे, मधोमध बसतात, दोन नातवंडांच्या मध्ये. पाठीचा त्रास असलेल्या एका गृहस्थांच्या गाडीत पुढच्या सीटवर त्यांचे साहेब बसतात. कापसाचे ते अडते म्हणाले की मित्र मजेत आहे आणि स्वतःच चालवतो. तीन वह्या झाल्या. अकोल्याच्या वह्या अजून बाकी आहेत.

एक काम मात्र त्याहून जुनं आहे. उन्हात चिकटपट्टी टिकत नाही. ‘राखीव’चा कागद दर आठवड्याला सुटून खाली पडतो. म्हणून मी मार्चमध्येच वहीत लिहिलं होतं: पेंटर बोलावणे, अक्षरं पक्क्या रंगात लिहून घेणे. मेमध्ये विचारपुशीचा फोन केला तेव्हा ते कौसल्याबाईंना सांगितलं.

‘‘राहू द्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘गाडीत बसाच्या आधी हे येते, तो कागद उचलते, पट्टी तोडते, नीट लावते. मंग दार उघडते. तोवर मी उभी राह्यते.’’

‘‘पाय दुखत नाहीत?’’

‘‘दुखते न.’’

वहीत त्या कामापुढे बरोबरची खूण नाही. पेंटरचा नंबर माझ्याकडे आहे, पण मी तो फिरवलेला नाही.